कॉइलवरची तार

“पेट्रोल वाचवायला दादाने घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून जीप सोडली आणि ब्रेक तापून निकामी झाले,” असे आमच्या घरात आजही सांगतात. मला ते मान्य नाही.

काल गॅरेजात एका जुन्या मोटारीला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, जोडताना पाहिला. मेकॅनिकने त्याची तार इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलवर बसवली, इंजिन सुरू केले, आणि शून्यावर निजलेला काटा थरथरत उठला. दादाच्या जीपमध्ये तशीच तार मी स्वतः जोडली होती. ठिणगी पडत राहते तोवरच काटा जागा असतो. इंजिन बंद होताच निमूट शून्यावर उतरतो. डोळे मिटले की मला तोच काटा दिसतो, अजून थरथरणारा.

दादाचा मुलगा म्हणतो, “काका, सोडा आता. बाबांची सवयच होती ती.”

सवय होती, हे खरे. परंतु सवयीवरून मृताला दोषी ठरवू नये.

जीपमधून एकट्या वहिनी वाचल्या. इंजिन चालू होते का, हे त्यांना आठवत नाही. त्यांना आठवते ते शेवटच्या वळणावर दादाला म्हटलेले एकच वाक्य : “अहो, भावजींनी बसवलेला तो काटा किती थरथरतोय.”