उणे गुणिले उणे

कर्जत तालुक्यात कडावच्या अलीकडच्या एका शाळेत गोदा अकरा वर्षं पोरांचं जेवण रांधत होती. पाचवी ते आठवीची पोरं जेवली की मोठी पातेली घेऊन ती मागच्या नळावर बसायची. नळाच्या डोक्यावरच नववीच्या वर्गाची खिडकी होती. त्यामुळे गणिताचा तास रोज तिच्या कानावर पडायचा.

गणिताला युनूस सर होते. राहायला कर्जतला, मनाने सज्जन. दर दहा मिनिटांनी ते विचारत, "समजलं?" आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "हो सऽर!" परीक्षेचे पेपर मात्र कोरे यायचे. सर खडू खाली ठेवताना सुस्कारा टाकत, तोही गोदाला खाली ऐकू यायचा.

ऑगस्टातल्या एका दुपारी सरांनी सांगितलं, उणे गुणिले उणे म्हणजे अधिक. "समजलं?" "हो सऽर!"

गोदा हातातली काथ्याची घासणी तशीच घेऊन उठली आणि खिडकीशी गेली. "सर, मला नाय समजलं. दोन वाईट गोष्टी एकत्र आल्या तर चांगलं कसं हुईल?"

वर्ग खो खो हसला. सरही हसले. "तसा नियम आहे, गोदाताई."

"नियम हाय ते बरोबर. पन का?"

सर फळ्यावरचा नियम पुन्हा वाचू लागले. घंटा झाली म्हणून सुटले.

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी सर स्वतःच खिडकीत आले. "या नळाची टाकी गळते ना? तासाला पाणी किती उतरतं?"

"दोन बोटं."

"म्हणजे तासाला उणे दोन. आणि तीन तास मागे जायचं, म्हणजे उणे तीन. तेव्हा पाणी कुठं होतं?"

गोदाने टाकीकडे पाहिलं. ओल्या बोटांवर मोजलं. "सहा बोटं वर व्हतं." मग तिचा चेहराच उजळला. "आगं बया! वर म्हंजे अधिक!"

आज कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून ठाकूरवाडीची भाग्यश्री हळूच उभी राहिली. ती वर्गात सहसा बोलत नसे. "सर, मला पन सातवीपासून समजलं नव्हतं." तिच्यापाठोपाठ आणखी चार हात वर झाले.

सरांनी ते हात एकेक करून मोजले. मग म्हणाले, "गोदाताई, पातेली झाली की आत येऊन बसत जा."

गोदा लाजली, पण मुख्याध्यापिका छायाबाईंनी हरकत घेतली नाही तेव्हा पदराला हात पुसत मागच्या बाकावर भाग्यश्रीशेजारी जाऊन बसली. सगळ्या वर्गाचं नशीब पालटलं असं नाही. काही पोरं डुलक्या काढत राहिली, विकास दिवाळीनंतर एका फार्महाऊसवर कामाला लागला तो परत आलाच नाही. पण "हो सऽर"चा तो सूर मोडला. गोदा विचारायची, म्हणून पोरंही विचारू लागली.

गोदा आणि भाग्यश्री एकाच वाडीच्या. एका संध्याकाळी चढण चढताना भाग्यश्रीने विचारलं, "काकी, तू शाळा का सोडली गं?"

"आठवीत एकदा म्हनलं, समजलं नाय. मास्तरांनी तास संपोस्तोवर भाईर उभं केलं. मंग रोज समजलं समजलं म्हनत ऱ्हायले. नववीत नापास झाले नि बसले घरी." तिने वळून भाग्यश्रीकडे पाहिलं. "तू तसं करू नको."

पुढच्या वर्षी सरांनी तिच्यापुढे सतरा नंबरचा फॉर्म ठेवला. बाहेरून दहावीला बसायचा. गोदा आठ दिवस तो पिठाच्या डब्याखाली ठेवून फिरत होती. नवरा लडकू माथेरानला हातरिक्षा ओढायचा, सोमवारी घरी आला तेव्हा त्याला दाखवला. "मला काय इचारतेस? तुला बसायचं हाय ना?" तो म्हणाला.

मार्चमध्ये परीक्षेच्या दारात पर्यवेक्षकांनी तिला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं."

"पालक नाय वो, नंबर हाय माझा," म्हणत तिने हॉलतिकीट पुढे केलं.

निकाल भाग्यश्रीने मोबाइलवर पाहिला. तिला स्वतःला अडुसष्ट टक्के. गोदाला गणितात चोपन्न. इंग्रजीत सत्तावीस, नापास.

गोदा दोन दिवस वाडीतून खाली उतरली नाही. पुन्हा तसंच दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटत होतं तिला. तिसऱ्या दिवशी भाग्यश्री इंग्रजीचं पुस्तक घेऊन दारात आली. "काकी, तुला काय समजलं नाय ते सांग."

"सगळंच नाय समजलं."

"मंग पयल्या पानापासनं."

गोदाला रडूही आलं आणि हसूही. भाग्यश्री कर्जतच्या कॉलेजात जाऊ लागली, तरी रविवार ती गोदाच्या ओटीवर काढायची. जुलैत फेरपरीक्षा झाली. इंग्रजीत एक्केचाळीस मिळाले.

गुणपत्रिका आली त्या दिवशी लडकू घरी होता. त्याला अक्षर येत नव्हतं. त्याने गोदाला ती मोठ्याने दोनदा वाचायला लावली, तिच्या नावासकट.

"आता काय?" त्याने विचारलं.

"अकरावी. सर म्हनतात, भाईरून बसता येतं."

"बस मंग," तो म्हणाला, आणि माथेरानला परतायला नेरळची टमटम गाठायची म्हणून उतरणीला लागला.