मला वाचता येतं

“तू मोलकरीण हो,” मॅडम म्हणाल्या. “तुला फार ॲक्टिंग करावी लागणार नाही.”

त्या हसल्या. कॉन्फरन्स रूममधले बाकीचेही हसले, त्यांना मराठी कळत नव्हतं तरी. मॅडम हसल्या की आमच्या ऑफिसात हसायचं असतं. मीही हसले. आज सगळ्यात जास्त चीड येते ती माझ्या त्या हसण्याची.

कतारमध्ये, अल रय्यानमधलं वकिलांचं ऑफिस. मी रिसेप्शनला. मॅडम मुंबईच्या, सीनियर वकील. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. “बरं,” म्हणाल्या. ते ‘बरं’ आमच्या लोकांना लगेच ओळखू येतं. त्यानंतर माझ्याशी मराठीत बोलल्या त्या फक्त काम सांगायला.

मी वकील आहे. परभणीच्या कोर्टात उभी राहिलेली. नवरा एसीच्या कंपनीत सुपरवायझर, त्याच्यामागे कतारला आले. मुऐदरला एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. माझी डिग्री मॅडमना माहीत होती. “इंग्लिश जरा सुधार, मग बघू, इन्शाल्ला,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

उन्हाळ्यात अर्धं ऑफिस सुट्टीवर जातं. टेबलं रिकामी पडतात. मी आधीच विचारून ठेवलं होतं, या वेळी खिडकीजवळच्या टेबलावर बसू का? ड्राफ्टिंग करीन, रिसेप्शनही सांभाळीन, पगार आहे तोच राहू द्या. मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, जूनमध्ये आठवण कर.

जूनमध्ये लूसिया आली.

माद्रिदची. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्याकडे स्पॅनिश बोलणारे क्लायंट आहेत, म्हणून दर उन्हाळ्यात तिकडची दोन-तीन मुलं येतात. बड्या वकिलांच्या शेजारी बसून काम बघायचं, मीटिंगला जायचं, परत जाताना सर्टिफिकेट न्यायचं. याला एक्स्टर्नशिप म्हणतात. खिडकीजवळच्या टेबलावर तिच्या नावाची पाटी लागली. ती पाटी मीच छापून आणली होती.

लूसियाचं इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकं. ‘शी’च्या जागी ‘ही’ म्हणायची, मधेच शब्द अडला की हात हलवायची. सगळे कौतुकाने वाट बघायचे. किती गोड ॲक्सेंट, म्हणायचे. माझं तसंच इंग्रजी ऐकून मॅडम कपाळाला आठ्या घालायच्या. मोडक्या इंग्रजीतही वरचं आणि खालचं असतं, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

मी जळत होते. उगाच दुसरं नाव कशाला देऊ? काचेपलीकडे मीटिंग चालायची आणि मी फोन उचलता उचलता तिच्याकडे बघत राहायचे. एकदा तिने क्लायंटसमोर सरळ जांभई दिली. मला त्या जांभईचासुद्धा हेवा वाटला. अशी बिनधास्त जांभई द्यायला मागच्या किती पिढ्या पोटभर जेवलेल्या असाव्या लागतात. घरी येऊन मी नवऱ्यापुढे तिच्या बुटांना नावं ठेवायचे, तिच्या केसांना नावं ठेवायचे. बरं, मुलगी वाईट नव्हती. खाली गेली की माझ्यासाठी इकडचा दाट दुधाचा करक चहा आणायची. तो मी प्यायचे आणि आणखी जळायचे.

जाण्याआधी या मुलांचा एक खोटा खटला होतो. सगळं ऑफिस बघायला बसतं, वेबसाइटसाठी फोटो काढतात. यंदाची केस होती मोलकरणीची. मालकिणीने तिचा पासपोर्ट ठेवून घेतलाय आणि काय लिहिलंय ते न सांगता एका कागदावर तिची सही घेतलीय. तिची वकील लूसिया. मोलकरीण मी.

दुसऱ्या दिवशी मॅडम रिसेप्शनपाशी थांबल्या. “अगं, तुझ्याकडे काळा गाऊन असेल ना? पांढऱ्या बँडसकट घेऊन ये. फोटोत लूसियाला छान दिसेल.”

गाऊन बॅगेच्या तळाशी होता. मी तो काढला, धुतला, इस्त्री केली. हो, मीच केली. नवरा जेवत होता. म्हणाला, “एका दुपारचं नाटक हाय. करून टाक. आपल्याला इथं भांडायला कुणी बोलावलंय का?”

त्या दुपारी लूसियाच्या गळ्यात बँड मॅडमनी स्वतः बांधला. मोबाईल वर झाले. मला एप्रन दिला होता, पँट्रीतला. मी साक्षीदाराच्या खुर्चीत बसले. माझी उत्तरं मॅडमनी लिहून पाठ करून घेतली होती. लूसियाने आधी माझं गाव विचारलं, मग मालकिणीचं घर. मी पाठ केलेलं म्हटलं.

मग तिने कागद पुढे केला. “सही करताना तुम्ही हा वाचला होता का?”

माझं वाक्य होतं, ‘नाही, मला वाचता येत नाही.’

माझ्या तोंडून ते निघेना. माझी आई परभणीत वकिलांच्या घरी धुणीभांडी करायची. अंगठा लावायची. कागदावर काय आहे हे विचारायची तिला लाज वाटायची, म्हणून न विचारता लावायची. मला तिने मारून मारून शाळेत पाठवलं, ते मी हे वाक्य म्हणावं म्हणून नाही.

“मला वाचता येतं,” मी इंग्रजीत म्हणाले. माझ्याच त्या मोडक्या इंग्रजीत. “मी वकील आहे. तू घातलायस तो गाऊन माझा आहे.”

कुणीतरी हसलं. हाही नाटकाचाच भाग असेल असं वाटलं असावं. मॅडम मराठीत म्हणाल्या, “तमाशा करू नकोस. लिहून दिलंय तेवढं बोल.”

मी उठले. एप्रन सोडून टेबलावर ठेवला. लूसियासमोर जाऊन हात पुढे केला. तिने गाऊन काढला, बँड काढला, माझ्या हातात दिला. तोंड लालबुंद. “यू लॉयर? सॉरी. आय डिड नॉट नो.” सगळा उन्हाळा माझ्या समोरून ये-जा केली होती तिने.

तिच्या सॉरीने मला काडीचंही बरं वाटलं नाही. मला तिची खुर्ची हवी होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. “पोरकटपणा होता तो. लूसियाची माफी माग आणि खलास. मीही विसरते.”

“मी माफी मागणार नाही,” मी म्हणाले. “तुम्हीही विसरू नका.” आणि नोकरी सोडायची नोटीस दिली.

पगारी नोकरी धरली की आपल्याकडे वकिलाला सनद थांबवावी लागते. माझी सनद मीच अर्ज करून थांबवली होती, या रिसेप्शनसाठी. आता परत सुरू करायला अर्ज पाठवलाय. नवरा रुसलाय. एका पगारात दोन देशांत दोन घरं कशी चालवायची, विचारतो. त्याचं चुकत नाही. मला उत्तर माहीत नाही. तरी परभणीला जाणार.

लूसिया माद्रिदला गेली. तिथे तिला मोठ्या ऑफिसात घेतलंय, तिचे फोटो येतात. मी ते बघते आणि अजून जळते. शहाणपण सुचलंय, मन शांत झालंय, असं काही झालेलं नाही.

परभणीत माझ्यासाठी कुणी जागा धरून ठेवलेली नाही. कोर्टाच्या आवारात प्रत्येक वकिलाचं स्वतःचं टेबल असतं, आणि नवं टेबल आलं की जुने आडवे येतात. मागच्या वेळी मला भिंतीकडेला ढकललं होतं, मी मुकाट सरकले होते. या वेळी टेबल मधोमध लावणार. उचलून बाहेर टाकलं, तर उचलून परत आत आणणार.