दुसऱ्या बातमीचे पेढे

मुलीच्या निर्णयात नाक न खुपसणारी आई अशी माझी बिल्डिंगमध्ये ख्याती आहे. ती मीच पसरवली. बिबवेवाडीतल्या आमच्या चारमजली इमारतीत आया मुलांची शाखा ठरवतात, कॉलेज ठरवतात आणि जमलं तर सूनही. जिन्यात त्या भेटल्या की मी सहज म्हटल्यासारखं ऐकवायचे, "आमच्याकडे बाई, लेकच काय ते ठरवते." तेव्हाचा माझा चेहरा आठवला की आता अंगावर काटा येतो.

लेक इंजिनीअर झाली, हिंजवडीच्या एका कंपनीत जाऊन-येऊन कंटाळली आणि एक दिवस म्हणाली, मला पाण्याचा अभ्यास करायचाय. धरणं, नद्या, गाळ. नोकरी सोडून तिने दोन ठिकाणी अर्ज केले. एक दक्षिणेतलं, अलीकडेच सुरू झालेलं विद्यापीठ. दुसरं इंग्लंडमधलं, ज्याचं नाव काढलं की समोरचा जरा सावरून बसतो.

दक्षिणेतलं उत्तर आधी आलं. पूर्ण शिष्यवृत्ती, फी, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे. मी शाळेत गणित शिकवते. मधल्या सुट्टीत तिचा फोन आला आणि शाळा सुटल्यावर मी वाटेतच रिक्षा थांबवून पेढे घेतले. घरी येऊन देवापुढे ठेवले, एक तिच्या तोंडात कोंबला, बाकीचे स्टीलच्या गोल डब्यात भरले आणि साडीसुद्धा न बदलता चारही मजले फिरून आले. वरच्या काकूंनी विचारलं, इंग्लंडचं काय झालं? मी म्हटलं, त्याचं काय एवढं, आलं तर आलं.

काही आठवड्यांनी तेही आलं. रविवारची सकाळ होती. लेक लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तो माझ्याकडे वळवून धरला. मी वाचलं. आनंद झाला, नाही असं नाही. पण त्याच्या आधी मनात पैशांचा हिशोब सुरू झाला, हे खरं. घराचं कर्ज नुकतंच फिटलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच पगार आल्या आल्या पळून जात नव्हता आणि मी चक्क हॉलच्या पडद्यांचं कापड बघत होते. इंग्लंड म्हणजे पुन्हा कर्ज, आणि तारणाला नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानाचा गाळा.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, गाळा काय शोभेला ठेवलाय? त्याचा होकार नेहमी असाच वाकडा येतो. मी त्याला बजावलं, निर्णय तिचा आहे, आपण मध्ये पडायचं नाही. काय सुरेख वाक्य! त्याच्याआड लपायला मला भरपूर जागा होती.

तोवर लेकीने तो गोल डबा फडताळातून काढून घासला होता आणि ओट्यावर पालथा घातला होता. मी पाहिला. पाहिला आणि म्हटलं, "अगं, सारखे सारखे काय पेढे वाटायचे? नक्की झालं की आणू."

ती "बरं" म्हणाली. दुपारी डबा पुसून परत फडताळात गेला होता. ही पोरगी आवराआवर न सांगता करायला लागली, याचं मला कौतुकही वाटलं.

पुढच्याच आठवड्यात तिने सांगितलं, दक्षिणेत जाते, अभ्यासक्रम तिथलाच जास्त चांगला आहे. मी विचारलं, आमचा विचार करून तर नाही ना म्हणत? ती नाही म्हणाली. मी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित खरं उत्तर आलं असतं, आणि म्हणूनच विचारलं नाही. त्या रात्री मला छान झोप लागली. मला सगळ्यात जास्त टोचते ती ही झोप.

तिचं तिथे काही वाईट चाललेलं नाही. गेल्या दिवाळीत सुट्टीला आली तेव्हा आम्ही तिघं खडकवासल्याला गेलो होतो. भिंतीवरून पाण्याकडे बोट दाखवत ती गाळ कुठे कसा साचतो ते सांगत होती. बोलता बोलता इंग्लंडच्या त्या विद्यापीठातले एक प्राध्यापक हिच्या विद्यापीठात व्याख्यानाला आले होते, तो विषय निघाला. त्यांनी काय विचारलं, हिने काय उत्तर दिलं, ते कसे हसले. किती दिवसांनी तिला असं भरभरून बोलताना ऐकत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुला तेव्हा तिकडेच पाठवायला हवं होतं. तू हट्ट का नाही केलास गं?"

"तू पेढे आणले नाहीस ना, आई."

सूर अगदी साधा होता. रागाचा असता तर मला भांडता तरी आलं असतं. नवरा हातातल्या कणसाचे राहिलेले दाणे टिपत बसला. वर्गात न बोलणाऱ्या पोराच्या मनातलं मी चेहऱ्यावरून ओळखते, अशी माझी आणखी एक ख्याती आहे. माझा चेहरा माझ्याच लेकीने वाचला, आणि वाचून आपलं ठरवून टाकलं. वर मला लोकशाहीचं श्रेयही राहू दिलं.

ती निघाली त्या दिवशी मी त्याच गोल डब्यात चकल्या भरून दिल्या. बॅगेत कपड्यांच्या मध्ये डबा बसवता बसवता, माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "पीएचडीसाठी इंग्लंडला परत अर्ज केलाय. झालं तर सांगू ना?"

सांग की, असं मी म्हटलं. पण म्हणायच्या आधी मनात तोच हिशोब सुरू झाला आणि मी क्षणभर थांबले. तेवढ्यात तिने वर पाहिलं होतं.