बहिणीने गिळलेलं वाक्य

१४ मार्चच्या संध्याकाळी औषधांच्या दुकानातल्या तिजोरीतून रोख ८६,४५० गेले. तिजोरी फोडलेली नव्हती, चावीने उघडलेली होती. तिची जादा चावी वर्षभरापूर्वी माझ्या मेहुण्याने करून दिली होती. कुलपं-किल्ल्या हाच त्याचा धंदा. पोलिसांनी त्यालाच उचललं.

शिवाय एकोणिसाव्या वर्षी त्याने एका सायकलच्या दुकानाचं कुलूप उघडून चोरी केली होती आणि चार महिने तुरुंगात काढले होते. इथे खटल्याचा निकाल ज्युरी, म्हणजे निवडलेले सामान्य नागरिक, देतात; सरकारी वकिलांना ही जुनी गोष्ट त्यांना सांगायची होती. न्यायाधीशांनी ज्युरीला बाहेर पाठवून दोन्ही बाजू ऐकल्या.

"हे एकदा कानावर पडलं, की आत्ताच्या पुराव्याकडे कुणी बघणार नाही. जुन्या चोरीसाठीच पुन्हा शिक्षा होईल," असं म्हणून त्यांनी ते वगळलं. पण बचाव पक्षाने स्वतःहून त्याच्या सचोटीची ग्वाही दिली, तर जुनी शिक्षाही ज्युरीपुढे येईल, असं बजावलं.

आमच्या वकीलबाईंनी माझ्या बहिणीला तेच समजावलं. "तो कुठे होता, तेवढंच सांगा. तो कसा आहे, ते नको."

"म्हणजे स्वतःच्या नवऱ्याला चांगलंही म्हणायचं नाही?"

"पिंजऱ्यात उभ्या असेपर्यंत नाही."

"दादा, हिच्या तोंडाला बसेल असं कुलूप माझ्याकडेही नाही," मेहुणा मला म्हणाला. हसलं कुणीच नाही.

साक्षीच्या वेळी सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमच्या नवऱ्याला कुठलंही कुलूप उघडता येतं ना?"

"येतं. धंदाच आहे."

"आणि अशा माणसाच्या हाती लोक बिनधास्त तिजोऱ्या देतात?"

बहिणीचा चेहरा लाल झाला. लहानपणापासून तिने कुणाचं ऐकून घेतलेलं नाही.

"अहो, माझा नवरा..."

वकीलबाई अर्धवट उठल्या. न्यायाधीशांनी चष्मा काढला. मेहुण्याने डोळे मिटून घेतले. बहिणीने कठडा घट्ट धरला.

"माझा नवरा त्या दिवशी संध्याकाळभर घरीच होता. मोरीचा नळ दुरुस्त करत होता. तो अजून गळतोय."

ज्युरीतली एक बाई खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. बाहेरच्या बाकावर बहीण रडत होती, आणि रागावलेलीही होती. "जे ओरडून सांगायचं होतं, तेच गिळावं लागलं."

"आता सांग की," मेहुणा म्हणाला.

"आता कशाला? डोक्यावर बसशील."

वकीलबाईंच्या फीपैकी १,२०० द्यायचे बाकी आहेत.