आबांचा एकच प्रश्न

आमच्या भागातून आबा हैदराबादच्या विधानसभेवर निवडून गेले. निजामाच्या तुरुंगात त्यांनी दिवस काढले होते. उर्दू मात्र तिथंही शिकले नाहीत. माझी शाळा उर्दूतली. म्हणून मी मास्तरकी सांभाळून त्यांचा लेखनिक झालो, बिनपगारी.

सगळ्या मुदतीत आबांनी सभागृहात एकच प्रश्न विचारला. तोही मी उर्दूत लिहिला. शेजारच्या गावाला ओढ्यावर तलाव हवा होता. (अ) अशी मागणी आहे हे खरे आहे काय? (ब) असल्यास काम केव्हा सुरू होणार? एवढं आबांनी सांगितलं होतं. (क) मी माझ्या मनानं घातला: या कामास शेतकऱ्यांची हरकत आहे हे खरे आहे काय?

शेतकरी म्हणजे मी. तलाव झाला असता तर ओढ्याकाठची माझी चार एकर जमीन विहिरीसकट बुडाली असती. त्याच आठवड्यात मी हरकतीचा अर्जही खात्याकडे धाडला, म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपं जावं. आबांनी प्रश्नावर सही केली.

"तुमी लिवलंय म्हंजे झालं, मास्तर."

सभागृहात उभं राहून नुसता प्रश्नाचा क्रमांक म्हणायचा असतो. आबांनी तो खणखणीत म्हटला. मंत्र्यांनी उर्दूत उत्तर वाचलं. आबा समाधानानं खाली बसले, असं त्यांनीच सांगितलं. छापील उत्तर घेऊन ते गावी आले.

"काय म्हन्तंय?"

कागदावर होतं: (अ) होय. (ब) भाग (क) पाहता प्रश्न उद्भवत नाही. (क) होय.

"विचाराधीन आहे म्हणतात," मी म्हणालो.

पुढं दोन वर्षं आबा त्या गावाला विचाराधीन सांगत राहिले. मग राज्यच मोडलं, आमचा भाग मुंबई राज्यात गेला, आणि आबांनी ठरवलं की तलावाचा प्रस्ताव हैदराबादलाच राहिला. मी मान हलवली. एवढं मोठं राज्य माझ्या सोयीसाठी मोडलं, असं तेव्हा वाटून गेलं. आमदार असताना आबांनी गावात सहकारी सोसायटी काढली होती. तिचा सचिव म्हणून त्यांनी मलाच बसवलं. माझं अक्षर सरळ होतं.

शेजारचं गाव दर दिवाळीनंतर कारखान्यांकडं ऊस तोडायला जायचं. जाताना त्यांच्या गाड्या माझ्या विहिरीवर थांबत, बैलांना पाणी पाजत. मी कधी नाही म्हटलं नाही. याचं मला बरं वाटायचं.

मग मोठा दुष्काळ आला. विहीर आटली. सरकार दुष्काळी कामं काढू लागलं, आणि आबांनी मला बोलावून घेतलं. ते अंगणात दावं वळत बसले होते.

"मास्तर, त्यो कागद काढा. केजच्या तहशिलीत उर्दू वाचनारा कारकून हाय अजून. जुनी मागनी दावली तर तलावाचं काम लागंल."

कागद माझ्याकडेच होता. हरवला म्हणता आलं असतं. मी सगळं सांगितलं. आबा ऐकत होते, दावं वळत होते.

"म्हंजे पाच वरसं मी तितं तुजी हरकत इचारायला गेलतो व्हय, बे?"

तोवर त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"हो."

त्यांनी दाव्याला गाठ मारली. "चल केजला."

कारकुनानं कागद वाचला, जुनं दप्तर काढलं. "हरकत नोंदलेली हाय. ज्याची हाय त्यानं मागं घ्यावी, मग काम धरता येईल." दारात शेजारच्या त्याच गावची माणसं दुष्काळी काम मागायला उभी होती. आबांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला.

"लिव. मराठीत."

मी लिहिलं: तलावास हरकत माझी एकट्याची होती, ती मागे घेत आहे.

"आता वाच. दारातल्यांना ऐकू गेलं पायजे."

मी वाचलं. दारातली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "म्हंजे ह्यांच्याच हिरीवर आपन पानी पाजीत होतो का?"

"ह्यांच्याच," आबा म्हणाले.

खाली साक्षीदाराची सही लागत होती. आबांनी चष्मा लावला, अर्ज हातात घेतला, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून तो स्वतः वाचला आणि मग सही केली.