रिकामी बादली

उद्या पाणी येणार नाही, असं सोसायटीचा वॉचमन आत्ताच सांगून गेला आणि बादल्या भरता भरता मला तुमच्या वेस्ट विंडसरच्या घरातल्या बेसमेंटचा, ओल्या गंजाचा वास आठवला. तुम्हा नातवंडांचा जन्म व्हायचा होता आणि मी परदेशात तुमच्या आईबाबांकडे राहायला आले होते. बाहेर बर्फ साचलेला, आणि घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचा व्हॉल्व्ह गळत होता. प्लंबर पुढच्या आठवड्याशिवाय येईना, म्हणून तुमच्या बाबांनी स्वतःच नवा व्हॉल्व्ह आणला, बॉयलर बंद करून गार होऊ दिला आणि मला सांगितलं, “आई, तासभर घरातलं पाणी बंद करतोय.” पुण्यात जन्म गेलेल्या बाईला एवढं पुरे झालं. मी बादल्या, पातेली, परात, कुकर, सगळं काठोकाठ भरून झाकून ठेवलं. तुमची आई हसून म्हणाली, “अहो आई, इथे पाणी जात नाही!” मी म्हटलं, “जातंय की, तुझाच नवरा घालवतोय.” इतक्यात खालून हाक आली, “आई, बादली! पटकन!” जुना व्हॉल्व्ह निघाला होता आणि बॉयलरमधलं काळं पाणी नव्या कार्पेटकडे निघालं होतं. मी जिन्यातून विचारलं, “प्यायची देऊ की वापरायची?” “रिकामी गं, रिकामी!” पण घरात रिकामं भांडंच नव्हतं. शेवटी तुमच्या आईने कुकर सिंकमध्ये उपडा केला आणि धावत जाऊन गळतीखाली धरला. कार्पेट वाचलं. कुकरमधल्या भाताला मात्र तुमच्या बाबांना कितीतरी दिवस लोखंडाचा वास येत होता. आताही मी घरातलं सगळं भरून ठेवलंय. एक बादली तेवढी मोरीत पालथी घातली आहे.