सुदामची चाल

हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही, आणि आता तर तो राहिला नाही.

सुदामचं नाव तुम्ही वाचलं असेल. नाटकाच्या जाहिरातीत, सिनेमाच्या नामावलीत — संगीत: सुदाम. मी त्याला शिकवणारी बाई. तळेगावच्या कॉलेजात संगीत शिकवायचे, तेव्हा तो सोमाटण्याहून सायकलवर यायचा. मुलाखतींत तो माझं नाव घेतो. लोक मला मान देतात. आणि मी — घेते.

त्या वर्षी आमच्या एकांकिकेचं संगीत माझ्याकडे होतं. सीमेवर मुलगा गमावलेली देहूरोडची आई त्याच्या गणवेशाची घडी घालते, असा शेवट. तिथली चाल मी किती दिवस घासत होते, आणि ती काही केल्या जमत नव्हती. एका तालमीनंतर सगळे चहाला गेले, तेव्हा सुदाम पेटीशी बसला.

"बाई, मला बी एक सुचलंय. वाजवू?"

वाजवलं त्यानं. कसं सांगू? चाल आता वर चढणार असं वाटायचं, आणि ती हळूच खाली बसायची — दमलेली बाई गुडघ्यावर हात टेकून बसते ना, तशी. रडणं नव्हतं तिच्यात. रडून झाल्यानंतरचं काहीतरी होतं. माझ्या अंगावर काटा आला. मिसरूड न फुटलेल्या पोराला हे कुठून कळलं? इतकी वर्षं गाऊन मला का नाही?

आणि मी म्हणाले, "छान आहे रे. पण ही जुनी चाल आहे. मी ऐकलीय."

त्याचा चेहरा उतरला. "कुटं ऐकली, बाई?"

"आठवत नाही. पण ऐकलीय."

खोटं होतं. तसलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं — म्हणून तर बोलले. त्यानं कान पकडले, पेटी बंद केली. प्रयोगात माझीच चाल वाजली. टाळ्याही पडल्या.

तेव्हापासून त्याचा स्वतःच्या कानांवर भरवसा उरला नाही. एवढा मोठा झाला, तरी प्रत्येक चाल आधी मला ऐकवतो. "बाई, कुठं ऐकल्यासारखी वाटते का?" मी नाही म्हणेपर्यंत त्याचा जीव टांगणीला. एकदा मला बोलायला उशीर झाला — मनात ती पुन्हा घोळवत होते, इतकी ती सुंदर होती — तर त्यानं ती टाकूनच दिली. मी अडवलं का? नाही. त्याचं सगळं आधी माझ्या कानांवर पडावं, याची मला चटक लागली होती.

परवा लोणावळ्याला त्याच्या नव्या स्टुडिओत गेले होते. वादकांना म्हणाला, "बाईंनी मला चोरीपासून वाचवलं." सगळ्यांदेखत पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग वादक बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, "बाई, तेव्हाची ती चाल कशी होती हो? लय आठवून बघितलं, सापडतच नाही."

मला ती सुरान् सूर पाठ आहे. भाजी निवडताना, घरात एकटी असताना गुणगुणते, आणि हात आपोआप थांबतात. जगात ती आता फक्त माझ्यापाशी आहे.

"मलाही नाही रे आठवत," म्हणाले मी.

त्यानं मान हलवली, आणि वादकांना आत बोलावलं.